केशोरीला नेलेला पंखा

नागपूरहून देवरीकडे जाणारी सकाळची एसटी भंडारा ओलांडून पुढे गेली तरी खिडक्यांच्या काचा दवाने पांढऱ्याच होत्या. डिसेंबरचा मधला आठवडा होता. माझ्या मांडीवर बुटाचे खोके होते आणि खोक्यात, वर्तमानपत्रांच्या चुरगाळलेल्या पानांत बसवलेला एक पंखा होता. उंची वीतभर, पाती पितळी. त्याला वायर नव्हती आणि सेलही नव्हते.

हा पंखा माझे शेजारी देशकर सर यांनी बनवला होता. सर तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेले. एका हिवाळ्यात ते मुलीकडे बर्फाळ मुलखात राहून आले. तिथे लाकडाच्या शेगडीवर असा पंखा ठेवतात, हे त्यांनी पाहिले. शेगडीची ऊब तिच्याभोवती किंवा छतापाशी अडकून राहते. पंखा ती खोलीभर ढकलतो. त्याला फिरवते ती शेगडीच. तळ तापला की नळीतली हवा फुगते, दांडा ढकलते. वर गार झाली की आकसते, दांडा मागे येतो. सुरुवातीला बोटाने एक टिचकी द्यावी लागते. परतल्यावर सरांनी दोन महिने लेथवर घालवून तसाच एक घडवला.

केशोरीचे नाव त्यांना माझ्याकडून कळले होते. आदल्या हिवाळ्यात भारनियमनाच्या बातमीसाठी मी त्या गावात गेलो होतो. पारबताबाई नावाच्या विधवा बाईने कोंबडीची पिल्ले आणून बल्बच्या उबेवर ठेवली होती. वीज गेली, पिल्ले ऊब शोधत एकमेकांवर चढली आणि खालची गुदमरून मेली. मी पोहोचलो तेव्हा बाई ती टोपल्यात भरत होती. बातमी आतल्या पानावर चार ओळींत आली. सरांनी ती वाचली होती.

निघताना सरांनी मला एक वाक्य दोनदा ऐकवले. पंखा सपाट, तापलेल्या लोखंडावर ठेवायचा आणि तळाला काजळी धरू द्यायची नाही, कारण मधे काहीही आले की उष्णता वर चढत नाही. मी मान डोलावली.

सडक अर्जुनीच्या अलीकडे, कोहमाऱ्याच्या फाट्यावर उतरलो. रायपूरकडे जाणारे ट्रक ढाब्यांसमोर ओळीने उभे होते. चालक टायर पेटवून हात शेकत होते. एका ढाब्यावर चहा आणि आलूबोंडा घेतला. पुढे काळी-पिवळी (प्रवासी जीप) मिळाली. पण माणसे भरेपर्यंत ती हलणार नव्हती. चालकाने खोक्यात काय आहे ते विचारले, मी सांगितले. तो मागच्या सवारीकडे वळून म्हणाला, "दिसंबर में पंखा ले जा रहे हैं. साहब को गर्मी हो रही है." सगळे हसले. गरम हवेचा पंखा आहे, हे सांगितल्यावर आणखी हसले.

नवेगाव बांधपर्यंत दोन्ही बाजूंना धान कापलेल्या बांध्या (धानाची शेते) होत्या. तणसात (धानाच्या पेंढ्यात) लाखोरीचे (लाखेच्या डाळीचे) हिरवे पोपटी कोंब वर आले होते. मध्येच सागाचे जंगल लागे आणि जीपमध्ये एकदम गारवा शिरे. एका खड्ड्यात खोके मांडीवरून घसरले. केशोरीच्या अलीकडे उघडून पाहिले तर एक पाते वाकले होते. ते दोन बोटांनी सरळ केले. प्रवासातली नुकसानी एवढ्यावर भागली, असे मला वाटले.

पारबताबाईचे घर गावाच्या टोकाला, तळ्याकडच्या वाटेवर आहे. कवेलूचे (कौलाचे) छप्पर, समोर सारवलेले अंगण, बाजूला मातीच्या भिंतींची एक लांब खोली. पिल्ले त्याच खोलीत होती. बाई पन्नाशीची, उंच, नऊवारी घट्ट नेसलेली. तिने मला ओळखले.

"या जी. मेलेले मोजाले आलते, आता जिते मोजा."

पिल्ले आदल्या दिवशीच आली होती. एका दिवसाची, दोनशे. खोलीच्या एका टोकाला भुशाची शेगडी होती. तेलाच्या पिंपापासून अर्जुनी मोरगावच्या वेल्डरने ती बनवून दिली होती. राइस मिलचा भुसा ठासून भरला की सहा-सात तास धुमसते. धूर पत्र्याच्या नळीने भिंतीबाहेर जातो. वर सपाट लोखंडी झाकण. शेगडीभोवती पिल्ले भाजू नयेत म्हणून बांबूच्या तट्ट्यांचे कुंपण होते. त्या कुंपणाला सगळी दोनशे पिल्ले चिकटून उभी होती. उरलेली खोली रिकामी होती. थंडी लागलेल्या पिल्लाचा आवाज टोकदार असतो, आणि दोनशे पिल्ले एकदम ओरडत होती.

पंखा झाकणावर ठेवला. पाच मिनिटे काहीच झाले नाही. बाईचा मुलगा दिलीप दाराशी हात बांधून उभा होता. मग मी टिचकी दिली. पाती अडखळत दोन फेरे फिरली, तिसऱ्याला वेग आला आणि नंतर पाती वेगळी दिसेनाशी झाली. आवाज जवळपास नव्हता. दिलीप पलीकडच्या भिंतीजवळ गेला, तळहात पुढे करून उभा राहिला.

"येऊन राहिली," तो म्हणाला. ऊब येत होती.

अर्ध्या तासात पिल्ले कुंपणापासून सुटली. आधी पाच-सहा, मग घोळक्याने. ती भुशावर पसरली, काही पंख सैल सोडून बसली, काही खाद्याच्या ताटलीकडे गेली. टोकदार आवाज बंद झाला आणि बारीक कुजबुज सुरू झाली. मी घड्याळ पाहून वेळ लिहून घेतली.

जेवायला भात, लाखोरीची डाळ आणि पोपटाच्या (वालाच्या) शेंगांची भाजी होती. जेवताना बाईने जे सांगितले त्यावरून प्रकरण माझ्या समजुतीपेक्षा वेगळे असल्याचे कळले. गावातून तीस-चाळीस माणसे शनिवारी हैदराबादकडे इमारतीच्या कामावर जाणार होती. मुकादमाच्या यादीत दिलीपचे नाव होते, त्याची बायको कुंदा हिचेही होते. तीन वर्षांची मुलगी अर्थातच त्यांच्याबरोबर जाणार होती. आदल्या वर्षी याच गावातले एक जोडपे असेच गेले. ते दिवाळीलाही आले नाही, त्यांच्या घराच्या दाराला पिंपळ फुटला आहे. पारबताबाईने मुलाशी बोली केली होती. शनिवारपर्यंत पिल्ले जगली तर नाव कमी करायचे आणि हीच खोली मायलेकांनी चालवायची. पहिल्या आठवड्यात तगलेले पिल्लू सहसा मरत नाही, हे दोघांनाही माहीत होते.

"मले जायाची हौस नाई," दिलीप म्हणाला. "पन मागच्या साली टोपले उचलले ना जी. आता पुन्ना उचलनार नाई."

त्याची आई म्हणाली, "यंदा उचलू देत नाई तुले."

कुंदा अंगणात भांडी घासून त्यांच्या बुडाला ओल्या मातीचा हात देत होती. चुलीवर चढणाऱ्या प्रत्येक भांड्याला इकडे असा लेप देतात. काजळी मातीवर बसते, भांड्याला लागत नाही; घासताना मातीसकट निघून जाते. सासूकडून शिकलेला तिचा हात सफाईचा होता. बुडावर चार बोटांच्या गोल रेषा उमटत आणि प्रत्येक भांड्यावर त्या सारख्याच असत. मी ते वहीत टिपून घेतले. अशा तपशिलाने बातमीत गाव उभे राहते.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी निघताना मी पारबताबाईला सूचना दिल्या. पंखा सपाट ठेवा. झाकण उघडून भुसा भरताना तो फडक्याने उचला. थांबला तर टिचकी द्या. आणि शेवटी, "तळाला काजळी धरू देऊ नका, नाहीतर फिरायचा थांबेल."

"नाई धरू देत," ती म्हणाली. पंख्याला तिच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, हे तिने घरात आधीच सांगून ठेवले होते.

नवेगाव बांधला मी शुक्रवारपर्यंत राहिलो. तलावावर उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांवर एक लेख द्यायचा होता. तलाव मोठा आहे. सकाळी पाणी आणि आकाश एकाच राखाडी रंगाचे असते आणि ढिवरांचे (मासेमारांचे) डोंगे त्यात टांगल्यासारखे दिसतात. बुधवारी संध्याकाळी एसटीडी बूथवरून डेस्कला फोन केला आणि पंख्याची बातमी सांगून टाकली. विजेविना फिरणारा पंखा, केशोरीच्या महिलेचा प्रयोग, दोनशे पिल्लांना ऊब, भारनियमनावर तोडगा. भांड्यांच्या मातीचा तपशील डेस्कने जागेअभावी घेतला नाही.

गुरुवारी थंडी वाढली. शुक्रवारी काठावरच्या गवतावर दव गोठून पांढरे झाले होते. जाळे सुकवणाऱ्या एका म्हाताऱ्याने शेकोटीशी जागा करून दिली. मी कशाला आलो ते विचारले. पंख्याचे ऐकल्यावर त्याने बराच विचार केला.

"आमच्या इकडं पंखा हवा गार करते जी," तो म्हणाला. "तुमच्याकडचा गरम करते. मंग भांडन कायचं? दोघायले एका खोलीत ठेवून द्या."

तो स्वतःच्या बोलण्यावर हसला. मग तलावाकडे पाहत म्हणाला, की एवढी थंडी त्याने पाच-सहा वर्षांत पाहिली नाही आणि अशा थंडीत मासाही तळाला जाऊन बसतो. मला केशोरीची आठवण झाली. काळजी वाटली नाही. पंखा फिरताना मी स्वतः पाहिला होता.

शनिवारी सकाळी पहिल्या जीपने केशोरीला परतलो. विचार असा होता, की जिवंत पिल्लांचा आकडा घ्यायचा, बाईचे एक वाक्य घ्यायचे आणि दुपारपर्यंत फाट्यावर पोहोचायचे. अंगणात कुंदा बसली होती. तिच्याजवळ दोन पत्र्याच्या पेट्या आणि एक बोचके बांधून ठेवलेले होते. तिची मुलगी पेटीवर बसून मुरमुरे खात होती. मी सरळ खोलीत गेलो.

शेगडी धुमसत होती. पंखा झाकणावर होता, थांबलेला. कुंपणाला लागून पिल्ले थरांनी पडली होती. वरचा थर दिलीपने उचलून नेला होता. खालची भुशात दाबली जाऊन सपाट झाली होती. तो ती फावड्याने टोपल्यात घेत होता. माझ्याकडे पाहून त्याने जागा करून दिली, जसे रस्त्यात समोरून येणाऱ्याला देतात. जगलेली पिल्ले स्वयंपाकघरात चुलीजवळ एका डालीखाली (पालथ्या टोपलीखाली) ठेवली आहेत, असे त्याने सांगितले. ती सदतीस होती.

काय घडले ते त्याच्या सांगण्यावरून जुळवता आले. बुधवारी दुपारपर्यंत पंखा चांगला फिरला. संध्याकाळी भुसा भरताना मायने तो उतरवला, पुसला, पुन्हा ठेवला. मग तो हळू झाला. गुरुवारी टिचकी दिली की दहा-वीस फेरे घ्यायचा आणि थांबायचा. काजळी धरली असेल म्हणून तिने तो पुन्हा उतरवून साफ केला. शुक्रवारी दोन फेऱ्यांच्या वर गेला नाही. रात्रभर, पार आज पहाटेपर्यंत ती शेगडीजवळ बसून टिचक्या देत होती. पिल्लांना हाताने पांगवायची, ती पुन्हा येऊन चढायची. शेवटी तिचा डोळा लागला.

मी पंखा फडक्याने उचलून उलटा केला. तळाला मातीचा लेप होता. पिवळसर, बोटभर जाड, कडा नीट वळवलेला, उष्णतेने वाळून विटेसारखा झालेला. त्यावर चार बोटांच्या गोल रेषा होत्या.

दाराजवळच्या दगडावर बसून मी तो चाकूने खरवडू लागलो. कुंदा उठून आली.

"माती कायले काढून राहिले जी?" तिने विचारले. "बुड काळं होईल ना."

मी हात थांबवला नाही. लेपाचे तीन थर निघाले. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा जाड होता. पंखा जसा हळू होत गेला तशी बाईने काजळीची धास्ती घेतली आणि माती वाढवत नेली. खालचे लोखंड स्वच्छ निघाले. काजळीचा एक डाग नव्हता.

तो झाकणावर ठेवला, थांबलो आणि टिचकी दिली. तो फिरला. दोन फेरे, तिसऱ्याला वेग, मग पाती दिसेनाशी झाली. ऊब दाराशी उभ्या असलेल्या माझ्या तोंडावर येऊन लागली. खोलीत खाद्याच्या ताटल्या आणि विस्कटलेला भुसा होता.

पारबताबाई मागे केव्हा येऊन उभी राहिली ते कळले नाही. ती पंख्याकडे पाहत होती. नंतर तिने दगडावर पडलेले मातीचे तुकडे पाहिले. तिला वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

मी म्हणालो, की चूक माझी आहे, मी पूर्ण सांगितले नाही.

"तुमी सांगतलं काजळी धरू देऊ नका," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. ती खरोखर समजून घेऊ पाहत होती. "काजळीले मातीच लावते जी. दुसरं काय लावते?"

सरांनी कारण सांगितले होते: मधे काही आले की उष्णता वर चढत नाही. मी सूचना ठेवली आणि कारण गाळले. वाक्य आटोपशीर करण्याची ती आमची सवय आहे. मातीचा हात कसा देतात हे मी तिच्याच अंगणात पाहिले होते आणि वहीत लिहूनही घेतले होते. पंख्याची आणि मातीची, दोन्ही नोंदी समोरासमोरच्या पानांवर आहेत.

दिलीप टोपले घेऊन तळ्याकडे गेला होता. खड्डा बुजवून परत आला. हात धुताना त्याने दारातून पंखा पाहिला.

"फिरते का आता?"

"फिरते," त्याची आई म्हणाली.

त्याने ओले हात सदऱ्याला पुसले. मग म्हणाला, "शेगडी विझवून टाक माय. भुसा जळून राहिला."

मुकादमाची जीप बाराच्या सुमारास आली. फाट्यापर्यंत त्याच जीपने जाणे मला भाग होते, दुसरी संध्याकाळशिवाय नव्हती. मी पंखा बाईकडेच ठेवायला निघालो होतो. उरलेल्या पिल्लांना तो लागेल, असे म्हणालो. तिने तो धुऊन, पुसून, एका स्वच्छ फडक्यात बांधून आणला होता.

"सदतीस पिल्लायले चूल पुरते जी," ती म्हणाली आणि पुडके माझ्या हातात दिले.

नातीला तिने जीपमध्ये आईच्या मांडीवर बसवले. तिच्या कानटोपीची दोरी हनुवटीखाली बांधली, मग सोडून पुन्हा बांधली. मुलाला म्हणाली, "पोचल्यावर फोन लावजो सरपंचाच्या घरी." दिलीप हो म्हणाला. जीप वळली तेव्हा ती अंगणात उभी नव्हती. आत गेली होती.

मुलीला थोड्या वेळाने झोप लागली. नवेगाव बांधच्या पुढे दिलीपने मला विचारले, की हा पंखा नागपूरला किती घरांत आहे. मी सांगितले, एकच आहे. त्याने मान हलवली. कोहमाऱ्याच्या फाट्यावर ते दुसऱ्या गाडीची वाट पाहत ढाब्याच्या भिंतीला टेकून बसले. उन्हात बसूनही कुंदाने मुलीला शालीत गुंडाळले होते. माझी एसटी आधी आली.

साकोलीला बस थांबली तेव्हा वर्तमानपत्र घेतले. बातमी विदर्भाच्या पानावर, तीन स्तंभांत आली होती. ती दोनदा वाचली. आमच्याकडे चूक छापली गेली की दुसऱ्या दिवशी दुरुस्ती देण्याचा प्रघात आहे. मी प्रत्येक वाक्य तपासले. दुरुस्ती करण्यासारखे त्यात काही नव्हते. बुधवारी दुपारी ते सगळे खरे होते.

घरी पोहोचलो तेव्हा देशकर सर फाटकात उभे होते. त्यांनी बातमी कापून खिशात ठेवली होती. माझ्या हातातले पुडके त्यांनी सोडवून पाहिले आणि पंखा परत का आणला ते विचारले. मी त्यांना सगळे सांगितले. या वेळी कारणांसकट सांगितले, काहीही न गाळता. सरांनी पंखा उलटा केला. तळाच्या खाचेत माती राहिली होती. ती ते नखाने काढू लागले. निघाली नाही. मग त्यांनी विचारले, "तिला कळवलंत ना, की चूक तिची नव्हती?"

मी म्हणालो, कळवले. "काजळीले मातीच लावते, दुसरं काय लावते?" हा तिचा प्रश्नही त्यांना सांगितला. सरांनी पुडके पुन्हा बांधले.